देवराई की कांदळवन समिती?

कोकणात जंगल राखायच्या या दोन रीती. देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, कुऱ्हाड चालते ती देवाचा कौल घेऊनच. म्हणून धनेशाला घरट्यासाठी लागणारे ढोलीचे जुने बेहडे तिथे अजून उभे आहेत. पण देवळाच्या जीर्णोद्धाराला कौल मिळाला की पिढ्यान्‌पिढ्यांचं झाड आडवं होतं, आणि ते बघवत नाही.

खाडीकाठच्या कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, वेगळं. २०१२ साली राज्याने कांदळवन कक्ष स्थापला. कांदळवन राखणाऱ्या गावांना रोजगारासाठी अनुदान देणाऱ्या २०१७च्या योजनेतून गावसमित्यांना खेकडापालन, कालवपालन मिळालं. वेंगुर्ल्यात बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. राखणीवर चूल पेटते, ही फार मोठी गोष्ट. अनुदान थांबल्यावर काय, ही काळजी राहतेच.

माझं मत: खाडीला समितीच हवी. डोंगरावर देवराई राहू दे, पण देवस्थानाचे मानकरी आणि वनखात्याने मिळून झाडांची नोंद ठेवावी.