इस्तंबूल: मसाला बाजार बघावा की ग्रँड बझार?

इस्तंबूलमध्ये एकच सकाळ हाताशी असली की हा प्रश्न पडतोच. मसाल्यांची आवड असेल, तर माझं मत बिनदिक्कत एमिनोन्यू भागातल्या मसाला बाजाराला.

ग्रँड बझारचं काम उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहर जिंकल्यावर, १४५५-५६ च्या सुमारास सुरू झालं. साठेक गल्ल्या, हजारो दुकानं. सोनं, गालिचे, चामड्याच्या वस्तू बघायच्या तर तिथेच जावं. दिवसही अपुरा पडेल. मसालेही मिळतात, पण ते तिथले मानकरी नव्हेत. शिवाय रविवारी तो बंद.

मसाला बाजार रविवारीही उघडा असतो. तुर्की नाव मिसिर चार्शिसी, म्हणजे इजिप्तचा बाजार. १६६० च्या दशकात तो शेजारच्या येनी जामी मशिदीसोबत उभा राहिला आणि दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च चालायचा. काटकोनात जोडलेली दोन लांब दालनं, एवढाच पसारा. चुकायची भीती नाही, तासाभरात मनसोक्त फिरून होतं. घुमटाखाली पाऊल टाकताच पुदिना, दालचिनी, वाळलेल्या गुलाबकळ्या यांचा एकत्र वास येतो. तो मला फार आवडतो. दुपारी मात्र गर्दी अंगावर येते, म्हणून सकाळीच जावं.

खरेदी जपून करा. स्वस्तातलं ‘तुर्की केशर’ बहुधा करडईच्या पाकळ्या असतात. चिमूटभर तळहातावर घेऊन बघा: खऱ्या केशराची काडी गडद लाल, टोकाशी तुतारीसारखी रुंदावलेली, करडईची पाकळी नारिंगी, चपटी आणि जवळजवळ बिनवासाची. उघड्यावर रचलेले ढीग फोटोला छान दिसतात, पण हवा-उजेडात मसाल्याचा वास उडतो. आतला माल काढून द्यायला सांगा आणि हवाबंद पाकीट करून घ्या. आंबटसर सुमाक (एका झुडपाच्या वाळलेल्या फळांची पूड) आणि काळपट, धुरकट वासाची उर्फा मिरची मी नक्की घेईन. तीही शक्यतो बाजाराला लागूनच्या हासिरजिलार गल्लीतून, कारण स्थानिक लोक तिथे घेतात. १८७१ पासूनचं कुरूकाहवेजी मेहमेत एफेंदीचं कॉफीचं दुकानही तिथेच. दळलेल्या कॉफीचा वास लांबूनच येतो.

दोन्ही बघायचेच असतील तर ट्रामने बेयाझितला उतरून आधी ग्रँड बझार करा, मग महमुतपाशाच्या उतारावरून पायी एमिनोन्यूला या. म्हणजे मसाल्यांच्या पिशव्या घेऊन चढ चढावा लागत नाही.