मांगा प्लस: वाचायला उत्तम, लोकप्रियता जोखायला अपुरे

शुएइशा या जपानी प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचण्यासाठी ‘मांगा प्लस’ हे ॲप सुरू केले. ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकातील मालिकांचे नवे प्रकरण जपानमध्ये रविवारची मध्यरात्र उलटताच, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला, त्यावर इंग्रजीत वाचता येते. पाने स्वच्छ दिसतात आणि भाषांतर जबाबदारीने केलेले असते. बहुतेक मालिकांची पहिली तीन व ताजी तीन प्रकरणे विनामूल्य आहेत. मधल्या प्रकरणांसाठी २०२३ पासून मासिक वर्गणीची सोय झाली. स्पॅनिश, थाई, इंडोनेशियन अशा भाषा त्यावर आहेत, मराठी मात्र नाही, याची खंत वाटते.

ॲपमधील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या मालिकांच्या यादीबद्दल मात्र सावध राहायला हवे. इंटरनेटवरील चाहते ही यादी पुढे करून अमुक मालिका आता सुरक्षित आहे, म्हणजे बंद पडणार नाही, असे छातीठोकपणे सांगतात. पण हे ॲप खुद्द जपानमध्ये उपलब्धच नाही. त्यामुळे ज्या वाचकांच्या पसंतीवर मालिकेचे आयुष्य ठरते, त्यांपैकी जवळजवळ कोणीही या यादीत मोजला जात नाही. जपानी वाचक साप्ताहिकासोबत येणाऱ्या पोस्टकार्डावर, किंवा आता ऑनलाइन, आपल्या आवडत्या तीन मालिका कळवतो, आणि संपादक त्या कौलाला फार मान देतात. १९९५ च्या सुमारास या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांवर गेला होता. आज तो पुष्कळ उतरला असला, तरी कौलाचा दबदबा टिकून आहे. २०२१ मध्ये ‘रेड हूड’ या नव्या मालिकेचे परदेशी वाचकांनी मनापासून स्वागत केले, चर्चाही भरपूर झाली, तरीही ती अवघ्या काही महिन्यांत गुंडाळली गेली. त्या वेळी अनेकांनी संपादकांवर अन्यायाचा आरोप केला, तो मला पटत नाही. दर आठवड्याला अंक विकत घेणारा शाळकरी मुलगा किंवा लोकलने कामावर जाणारा नोकरदार चर्चेत उतरत नाही, पण अंक त्याच्यासाठीच निघतो. परदेशी वाचकांचा कौल संपादकांपर्यंत पोहोचवणारी तशीच एखादी व्यवस्था शुएइशाने या ॲपमध्ये करायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

पाने स्कॅन करून इंटरनेटवर टाकलेल्या चोरट्या प्रतींऐवजी हेच ॲप वापरावे. चालू मालिका दर आठवड्याला वाचणाऱ्याला विनामूल्य सोय पुरते. जुनी, शेकडो प्रकरणांची मालिका सलग वाचायची असेल, तरच वर्गणी भरावी.