राऊटर हलवायचा की एक्स्टेंडर घ्यायचा?
एक्स्टेंडर (वायफायची रेंज पुढे नेणारा डबा) मागवायच्या आधी राऊटर हलवून बघा, एक रुपया लागत नाही. कनेक्शनवाला दाराशी जिथे वायर आत येते तिथेच टीव्हीमागे राऊटर ठोकून जातो आणि मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. तो घराच्या मधोमध, उंचावर, उघडा ठेवा, फ्रीज-मायक्रोवेव्हपासून लांब. वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर दम तोडतं, लांबच्या खोलीला २.४ च बरं.

एक्स्टेंडर घ्या, पण जाड दगडी भिंती किंवा दुमजली घर असेल तरच. आणि तो रेंज नसलेल्या खोलीत नाही, अर्ध्या वाटेवर लावायचा, सिंगल बँडवाल्यात तर स्पीड साधारण निम्मा होतो कारण घ्यायला न् द्यायला एकच चॅनल. लॅन केबल ओढता आली तर जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट त्या खोलीत वायफायवर देणारा) करून लावा, ते एक्स्टेंडरपेक्षा केव्हाही भारी.