क्लॅम्प-ऑन फ्लोमीटर घेताय? आधी सेन्सरची जोडी ठरवा

नागपूरची बुटीबोरी एमआयडीसी असो की हिंगणा, चालू लाइन बंद करायला कुठलाच प्रॉडक्शनवाला राजी नसतो आणि पाण्याचा हिशेब तर सगळ्यांनाच हवा असतो. पाइप न कापता बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर अशा वेळी उपयोगी पडतो. पण कोटेशन आलं की चर्चा रंगते ती डिस्प्ले, मोडबस (मीटर संगणकाला जोडायची पद्धत) आणि डेटा लॉगरवर. सेन्सरची जोडी चुकली तर मागचा मीटर कितीही भारी असो, त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे डोकं आणि पैसा आधी सेन्सरवर खर्च करा, असं माझं ठाम मत आहे.

पहिला निर्णय ट्रान्झिट टाइम की डॉप्लर. ट्रान्झिट टाइममध्ये आवाजाची लहर प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने पाठवून दोन्ही वेळांतला फरक मोजतात. डॉप्लरला मात्र पाण्यातला गाळ किंवा बुडबुडे लागतातच, कारण लहर त्यांच्यावरच आदळून परतते. तो मोजतो कणांचा वेग, म्हणून अचूकता कमी. नागपुरातल्या गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यावर डॉप्लर लावणं व्यर्थ आहे. भांडेवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राहून कोराडी वीज केंद्राला जाणारं पाणी मुळात सांडपाणी असलं तरी ते प्रक्रिया केलेलं असतं, तिथेही ट्रान्झिट टाइमच योग्य. घट्ट स्लज किंवा राखमिश्रित पाणी असेल तर डॉप्लरकडे वळा.

खरी निवड यापुढे आहे, फ्रिक्वेन्सीची. १०० मिमीच्या पाइपात पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल आणि सेन्सर व्ही पद्धतीने (ती पुढे येते) बसवले असतील, तर लहरीचा प्रवास साधारण १५० मायक्रोसेकंदांचा होतो आणि जाण्या-येण्यातला फरक ८० नॅनोसेकंदांच्याही आतला. पाइप जितका बारीक तितका हा फरक आणखी घटतो. म्हणून ५० मिमीच्या आतल्या लाइनला २ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचे सेन्सर देतात, वेळ बारकाईने पकडता येते. ५० मिमीपासून काहीशे मिमीपर्यंत १ मेगाहर्ट्झ. मोठ्या लाइनला ०.५ मेगाहर्ट्झ.

या आकड्यांत पाइपची तब्येत मात्र धरलेली नसते. जुना गंजलेला सीआय (ओतीव लोखंड), आतून सिमेंटचं अस्तर असलेला डीआय (डक्टाइल लोखंड), जाड एचडीपीई (प्लास्टिक), हे सगळे लहर खातात, आणि जास्त फ्रिक्वेन्सीची लहर आधी खातात. अशा पाइपवर व्यास मधला असला तरी मी ०.५ मेगाहर्ट्झ घेईन. अस्तर पाइपपासून सुटून मध्ये हवा शिरली असेल, तर कुठलीच जोडी चालणार नाही. जागा बदला.

बसवण्याची पद्धतही इथेच ठरते. व्ही पद्धतीत दोन्ही सेन्सर एकाच बाजूला, लहर समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. रस्ता दुप्पट, म्हणून फरकही दुप्पट. झेडमध्ये सेन्सर समोरासमोर, रस्ता निम्मा, पण सिग्नल दमदार. नव्या एमएस (साध्या पोलादाच्या) लाइनवर व्ही, जुन्या किंवा अवाढव्य लाइनवर झेड.

काही कंपन्या लॅम्ब वेव्ह सेन्सर महाग विकतात. त्यांत पाइपची भिंतच लहरीला साथ देते आणि आत रुंद पट्टा पसरतो, त्यामुळे द्रवाचं तापमान किंवा द्रवच बदलला तरी सिग्नल निसटत नाही. एकाच धातूच्या पाइपातून आज एक सॉल्व्हंट, उद्या दुसरं जात असेल तर ते पैसे वसूल होतात. मात्र सेन्सर भिंतीच्या जाडीला जुळणारा हवा. नुसत्या थंड पाण्यासाठी साधे (शिअर वेव्ह प्रकारचे) सेन्सर पुरेत.

आता नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे गेला की उघड्यावरच्या एमएस पाइपला हात लाववत नाही. साधा सेन्सर ते सोसतो, पण सेन्सर आणि पाइपमधली फट भरणारं साधं ग्रीस सोसत नाही. ते पातळ होऊन ओघळतं, फट पडते आणि दुपारनंतर रीडिंग नाचू लागतं. कायमचा मीटर असेल तर ग्रीसऐवजी त्याच कामाचं कपलिंग पॅड मागा आणि वर सावलीचा पत्रा लावा. बॉयलरला गरम पाणी नेणाऱ्या (बॉयलर फीड) लाइनला जास्त तापमानाचे सेन्सर वेगळेच घ्यावे लागतात, तिथे काटकसर नको.

जागा निवडताना सेन्सरच्या मागे (पाणी येतं त्या बाजूला) व्यासाच्या १० पट आणि पुढे ५ पट सरळ पाइप सोडा, पंपाच्या पुढे तर त्याहून बराच जास्त. आडव्या पाइपवर सेन्सर बाजूला, वर हवा साचते आणि खाली गाळ. रंग खरवडून, पॉलिश पेपरने धातू उघडा करून मगच सेन्सर टेका. भिंतीची जाडी थिकनेस गेजने मोजा, नेमप्लेटवरचा आकडा घेऊ नका. आणि आतला थर विसरू नका: १०० मिमीच्या पाइपात चहूबाजूंनी १ मिमी क्षार बसले की आतलं क्षेत्रफळ सुमारे ४ टक्के घटतं. मीटर तितकंच जास्त दाखवत राहतो.

ऑर्डरीआधी विक्रेत्याकडून डेमो मागा, तोही तुमच्या सगळ्यात खराब पाइपवर. एक पूर्ण शिफ्ट राहू द्या, पंप चालू-बंद होताना सिग्नलची ताकद आणि क्वालिटी किती पडते ते लिहून ठेवा. बजेट एकाच जोडीचं असेल तर १ मेगाहर्ट्झ घ्या. दुसरीला पैसे सुटले तर ०.५, कारण आपल्याकडच्या जुन्या लाइनींना तीच जास्त लागते.