घरच्या संगणकाला कोणती एसएसडी? साटा, एनव्हीएमई आणि डब्यावर न छापलेल्या गोष्टी

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी आणि चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घ्यायला निघालं की आधी डोळ्यांत भरतात ते आकडे. एका डब्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट, दुसऱ्यावर ३,५००, तिसऱ्यावर ७,००० आणि सगळ्यात नव्या पिढीच्या डब्यावर १४,०००. शेवटचा आकडा पहिल्याच्या पंचवीस पट. मग संगणकही पंचवीस पट चपळ होईल असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. ते का होत नाही हे एकदा समजलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप स्पष्ट होतं.

आधी हार्ड डिस्क आणि एसएसडी

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे एका तुकड्यामागे साधारण १२ ते १३ मिलिसेकंद आणि सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना असे हजारो बारीक तुकडे डिस्कभर शोधावे लागतात. एक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर सलग मोठी फाइल सेकंदाला १५०-२०० मेगाबाइटने वाचणारी तीच डिस्क या कामात अर्ध्या मेगाबाइटपर्यंतही पोचत नाही. डेस्कटॉप दिसायला लागल्यावरही दोन मिनिटं संगणक हालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी साटा एसएसडी (साटा म्हणजे हार्ड डिस्कही जोडतात ती जुनी जोडणी) तेच विखुरलेले तुकडे एकेक करून वाचताना सेकंदाला ३०-४० मेगाबाइट देते, म्हणजे हार्ड डिस्कच्या जवळपास शंभर पट. आता त्याच कामात एनव्हीएमई, म्हणजे साटाहून नव्या आणि वेगवान जोडणीची एसएसडी पाहा. चांगली असेल तर ६०-८० मेगाबाइट. डब्यावरचे ३,५०० किंवा ७,००० हे एखादी प्रचंड फाइल सलग वाचतानाचे आकडे आहेत आणि घरच्या संगणकावर तसा प्रसंग क्वचित येतो. रोजच्या कामात हा फरक दुपटीवर येतो, आणि त्यातलाही बराचसा जाणवत नाही, कारण प्रोग्रॅम उघडताना प्रोसेसरलाही त्याचा वेळ लागतोच.

म्हणून ज्यांचा संगणक अजून हार्ड डिस्कवर चालतो त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कोणतीही बऱ्यापैकी एसएसडी घ्या, पण घ्या. सात-आठ वर्षं जुने लॅपटॉप लोक संथ झाले म्हणून टाकून देतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले कितीतरी फक्त डिस्क बदलल्याने पुढची काही वर्षं सुखाने चालले असते. रॅम ४ जीबीच असेल तर तीही वाढवा, नाहीतर अर्धं काम एसएसडीवरच पडत राहील.

साटा की एनव्हीएमई

हा निर्णय बहुतेक वेळा तुमचा संगणकच घेतो. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्कची जागा असेल तर साटा एसएसडी तिथे सरळ बसते. साटाचा रस्ता सेकंदाला ६ गिगाबिटचा आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीची घेतली तरी ती ५५०-५६० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. म्हणून साटात डब्यावरच्या वेगाची तुलना करत बसू नये. आतली मेमरी आणि वॉरंटी पाहावी.

मदरबोर्डवर एम.२ स्लॉट असेल तर थोडं थांबून तपासावं लागतं, आणि नेमकी इथेच सर्वाधिक चूक होते. एम.२ हे फक्त आकाराचं आणि जोडणीचं नाव आहे. त्या च्युइंग गमच्या कांडीएवढ्या पट्टीवर साटा एसएसडीही असू शकते आणि एनव्हीएमईही. काही स्लॉट फक्त साटा ओळखतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. पट्टी बसली म्हणजे चालेल असं समजू नका. मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटचा तपशील वाचा. लांबीही पाहा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, हा सर्रास मिळणारा आकार. पण काही छोट्या लॅपटॉपमध्ये ३० किंवा ४२ मिलिमीटरचीच पट्टी मावते. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की साटाची एक-दोन तोंडं बंद होतात. आधीपासून दोन-तीन डिस्क लावलेल्या असतील तर हे विसरू नका. बरेच जुने मदरबोर्ड अडॅप्टरवर लावलेली एनव्हीएमई ओळखतात, पण तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाहीत.

स्लॉट एनव्हीएमई चालवत असेल तर एनव्हीएमईच घ्यावी. केबल नाही, वेगळी वीजजोडणी नाही आणि पुढे कधी मोठ्या फाइलींचं काम निघालं तर वेग हाताशी. पिढीचा, म्हणजे एनव्हीएमई ज्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर चालते तिच्या आवृत्तीचा, प्रश्नही अवघड नाही. चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने. पाचव्या पिढीची मात्र घरच्या वापरासाठी मी सुचवणार नाही. ती तापते, जास्तीत जास्त वेगाने चालवायची तर तिला चांगली उष्णताशोषक पट्टी लागते, आणि तिचा वेग उपयोगी पडेल अशी कामं मोजकीच: ४के किंवा ८के व्हिडिओचं संपादन किंवा दोन वेगवान डिस्कमध्ये शेकडो जीबींची ने-आण. हो, दोन्ही डिस्क वेगवान हव्यात. पेनड्राइव्हवरून कॉपी करत असाल तर वेग पेनड्राइव्हचाच राहणार.

टीएलसी की क्यूएलसी: इथे जरा वेळ द्या

माझ्या मते खरी निवड ही आहे, आणि नेमकी हीच गोष्ट डब्यावर बहुधा छापलेली नसते.

एसएसडीच्या आत नँड फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने नँड जगापुढे मांडली ती १९८७ मध्ये. तिच्या प्रत्येक सेलमध्ये विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो आणि तो किती आहे यावरून माहिती वाचली जाते. टीएलसी प्रकारात एका सेलमध्ये ३ बिट, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखायच्या. क्यूएलसीत ४ बिट, म्हणजे १६ पातळ्या. तेवढ्याच जागेत दुप्पट पायऱ्या बसवल्या की प्रत्येक पायरी अरुंद होणारच. मग लिहिताना जास्त जपून, म्हणजे हळू लिहावं लागतं, आणि सेल झिजतोही लवकर. बदल्यात तेवढ्याच सेलमध्ये जास्त माहिती मावते, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते.

हा संथपणा झाकण्यासाठी एसएसडी आपल्या काही भागात तात्पुरतं सेलमागे एकच बिट लिहिते. ते झटपट होतं. नंतर निवांत वेळ मिळाला की ती माहिती आत नीट दाटीने लावते. तोवर तुम्हाला वेग छान दिसतो. हा तात्पुरता भाग भरला की खरा वेग उघडा पडतो.

एकाच कंपनीच्या दोन साटा एसएसडी शेजारी ठेवून पाहा. सॅमसंगची ८७० ईव्हो टीएलसी आहे आणि ८७० क्यूव्हीओ क्यूएलसी. दोन्हींवरचा सलग वाचनाचा आकडा ५६० मेगाबाइट. पण १ टीबीच्या क्यूव्हीओत तो तात्पुरता भाग जास्तीत जास्त ४२ जीबींचा आहे आणि तो संपल्यावर लेखनाचा वेग कंपनीच्याच तपशीलपत्रकानुसार सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो. म्हणजे हार्ड डिस्कहून कमी! १ टीबीची ईव्हो त्याच प्रसंगी ५३० मेगाबाइटने लिहीत राहते. क्यूव्हीओला वॉरंटी तीन वर्षं किंवा ३६० टेराबाइट लेखन; ईव्होला पाच वर्षं किंवा ६०० टेराबाइट.

३६० ऐकून घाबरू नका. घरी दिवसाला ३० जीबी लिहिले जातात असं धरलं, तरी ३६० टेराबाइट संपायला १२,००० दिवस, म्हणजे बत्तीस वर्षांहून जास्त लागतील. ६०० टेराबाइट पाच वर्षांत संपवायचे तर रोज सव्वातीनशे जीबींहून जास्त लिहावे लागतील. एसएसडी लिहून लिहून संपते, ही भीती घरच्या वापरात धरण्याचं कारण नाही. टीएलसी घ्यायची ती मोठं लेखन चालू असताना संगणक अडखळू नये म्हणून.

तर विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम ज्या डिस्कवर असतील ती टीएलसी असू द्या. चित्रपट, फोटो, गेम असं एकदा लिहायचं आणि पुष्कळदा वाचायचं असेल तर दुसऱ्या डिस्कसाठी क्यूएलसी बिनधास्त घ्या. डब्यावर प्रकार लिहिलेला नसेल तर कंपनीचं तपशीलपत्रक पाहा. तिथेही तो दिलेला नसेल तर मी ती डिस्क घेत नाही.

डीरॅम असलेली की नसलेली

कोणती माहिती कुठल्या सेलमध्ये आहे याचा नकाशा एसएसडीला सतत लागतो. महागड्या डिस्क त्यासाठी वेगळी डीरॅम (संगणकाच्या रॅमसारखी झटपट मेमरी) ठेवतात, साधारण १ टीबीमागे १ जीबी. स्वस्त डिस्कमध्ये ती नसते. एनव्हीएमईमध्ये याचा फार बाऊ करू नये, कारण अशी डिस्क संगणकाच्याच रॅममधले काही मेगाबाइट उसने घेते आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. साटात ही सोय नाही, त्यामुळे तिथे डीरॅम नसलेली डिस्क बरीच भरल्यावर स्पष्टपणे मंदावते. साटा घेत असाल तर डीरॅमसाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजा.

५०० जीबी की १ टीबी

वेगवान पण छोटी आणि एक पिढी जुनी पण मोठी, अशा दोन एकाच किमतीत मिळत असतील तर मी डोळे मिटून मोठी घेईन. फक्त जागेसाठी नाही. मोठ्या डिस्कमध्ये एकाच वेळी काम करणाऱ्या चिप जास्त असतात, तात्पुरता वेगवान भाग बहुधा मोठा असतो आणि लेखनाची हमीही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय एसएसडी पूर्ण भरलेली ठेवणं बरं नाही. फ्लॅशमध्ये छोटं पान लिहिता येतं, पण पुसताना शेकडो पानांचा आख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. मोकळी जागा नसेल तर एक पान लिहिण्यासाठी आधी बरीच हलवाहलव करावी लागते. १५-२० टक्के जागा रिकामी राहील एवढी मोठी डिस्क निवडा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या.

बसवल्यावर

फार काही करावं लागत नाही. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी ट्रिम ही आज्ञा विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे आणि आपोआप चालते. डीफ्रॅगमेंट, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, करू नका. लेखन वाचवण्यासाठी पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बंद करा, असले जुने सल्लेही ऐकू नका. मात्र ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा हार्ड डिस्कपेक्षा फार कमी असते. हार्ड डिस्क बिघडण्याआधी अनेकदा खडखडते, अडखळते. एसएसडी आज चालू आणि उद्या संगणकाला दिसतच नाही, असंही होतं. म्हणून एसएसडी आली तरी बॅकअप हवाच, आणि त्या कामाला हार्ड डिस्क आजही सरस आहे: दर जीबीमागे स्वस्त आणि कपाटात पडून राहायला जास्त भरवशाची. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या घरगुती एसएसडींसाठीच्या मानकात लेखनमर्यादा संपलेल्या डिस्कने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकवते, पण लग्नाचे किंवा बाळाचे फोटो एकट्या एसएसडीवर ठेवून ती कपाटात टाकू नये.

क्लोन की नव्याने विंडोज

जुनं विंडोज नीट चालत असेल तर क्लोन करा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवा. त्यात अनेक वर्षांचा कचरा साचला असेल तर नव्याने टाका. काहीही केलं तरी त्याआधी डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कूटलेखन (माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये हे कूटलेखन बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असतं, आणि ती की नसेल तर तुमचीच माहिती तुम्हाला उघडता येत नाही. काम झाल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर ती तशीच बाजूला ठेवा. तेवढ्या दिवसांत फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड सगळं नव्या डिस्कवरून उघडून पाहा. मग तिची प्रकृती तपासा आणि ठणठणीत असेल तर पुसून, यूएसबीच्या खोक्यात घालून, बॅकअपसाठी कामाला लावा.