धातूच्या चिप्स उचलणारी सेवा: दीड वर्ष वापरल्यानंतर

आमच्याकडे विमानाचे भाग बनतात. बाहेरून बघायला आलेला माणूस तयार भागांचे फोटो काढतो आणि मी त्याला मागच्या यार्डात नेते, कारण वजनाने जास्त माल तिकडून बाहेर पडतो. ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा मशीनवर चढतो आणि रिब, म्हणजे पंखाच्या आतली फासळी, होऊन उतरतो, तोपर्यंत त्याचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग चिप्स होऊन कन्व्हेयरवर पडलेला असतो. याला ‘बाय टू फ्लाय’ म्हणतात. घेतलं किती, उडलं किती. टायटॅनियमच्या काही भागांत तर १० किलो घ्यावं तेव्हा १ किलो उडतं.

बारा वर्षं मी मिलिंगवर काढली, आता यार्ड माझ्याकडे आहे. आधीचा भंगारवाला वक्तशीर होता, काटाही चोख. पण सगळं ॲल्युमिनियम एकाच ट्रकमध्ये कोंबायचा आणि कुलंट (कापताना धातू थंड ठेवणारं द्रव) गळत गळत गेटपर्यंतचा रस्ता चिकट करून जायचा. ७०७५ मध्ये जस्त मुख्य, २०२४ मध्ये तांबं. (हे साल नाही, मिश्रधातूचा नंबर आहे. नवी पोरं हमखास गोंधळतात.) दोन्ही एकत्र वितळले की त्यातून परत विमानाची प्लेट निघत नाही, माल ओतकामाला जातो. तेच वेगळं ठेवलं तर परत प्लेट होते, आणि तीही खनिजापासून नवीन ॲल्युमिनियम काढायला लागते त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जेत. म्हणून दीड वर्षापूर्वी ही, माल वेगवेगळा उचलून परत वितळवायला नेणारी सेवा घेतली. करार चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही.

ॲल्युमिनियमचं काम त्यांनी छान बसवलंय. प्रत्येक मिश्रधातूला वेगळ्या रंगाचा बिन, मशीन बदललं की बिन बदलायचा. आमच्याच आवारात त्यांचा सेंट्रिफ्यूज आहे. चिप्स त्यातून पिळून निघतात, कुलंट गाळून आम्हाला परत मिळतं. ओल २ टक्क्यांच्या खाली आणायची असं करारात आहे आणि बहुतेक वेळा ती येते. ओल्या चिप्स भट्टीत टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि इतकी वर्षं आम्ही किती कुलंट फुकट देऊन टाकलं, हे ते पहिल्यांदा परत आलं तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

खरे पैसे वसूल होतात ते टायटॅनियममध्ये. त्यांचे एक तपासनीस येतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. काका बिनमधून मूठभर चिप्स घेऊन पांढऱ्या कागदावर पसरतात आणि बोटाने बाजूला करत बसतात. चंदेरी इकडे, निळसर-तपकिरी तिकडे. निळी चिप म्हणजे टूल बोथट झालं होतं किंवा कुलंट कमी पडलं, धातू तापला आणि त्याने हवा ओढली. सिक्स-फोरमध्ये, म्हणजे विमानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत, ऑक्सिजन ०.२ टक्क्यांच्या वर चालत नाही. नायट्रोजन तर त्याहून वाईट. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० विमान पडलं, त्याच्या इंजिनातल्या टायटॅनियमच्या फॅन डिस्कमध्ये नायट्रोजनने कडक झालेला एक कण धातू वितळवतानाच राहून गेला होता. काका ही गोष्ट प्रत्येक नव्या ऑपरेटरला सांगतात, आणि मग खिशातून कार्बाइड इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याचा, तुटका कोपरा काढून दाखवतात. तो आमच्याच बिनमध्ये सापडला होता. आधुनिक भट्टीत असे जड तुकडे तळाशी बसतात, पण काका म्हणतात, भट्टीच्या भरवशावर बिन भरू नका. काका येऊ लागल्यापासून आमच्या पोरांनी टूल वेळेवर बदलायला सुरुवात केली. हे काम माझ्या नोटिसांनी कधीच झालं नव्हतं.

आता वादाचा भाग. सहा महिन्यांपूर्वी २०२४ चा अख्खा लॉट भट्टीवरून परत आला. लिथियम सापडलं होतं. आमच्याकडे एका भागासाठी लिथियमवालं ॲल्युमिनियम येतं आणि रात्रपाळीत कोणीतरी त्या चिप्स २०२४ च्या बिनमध्ये लोटल्या. बिनवरचं रंगीत लेबल कुलंटने धुऊन गेलं होतं, म्हणजे चूक आमची. पण माल उचलताना त्यांच्या माणसाने एक्स-रे गन लावून ‘ओके’ दिलं होतं. ही गन तांबं दाखवते, जस्त दाखवते, लिथियम तिला दिसतच नाही. इतका हलका अणू तिच्या आवाक्यातला नाही, त्याला लेझरवाली गन लागते. हे आम्हाला ठाऊक नसणं मी समजू शकते. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना ठाऊक नसावं? आठवडाभर पत्रं उडाली, शेवटी नुकसान अर्धं-अर्धं वाटून घेतलं. आता लेझर गन येते, आणि लेबलाच्या जागी बिनवर रंगच मारलाय.

कार्बन फायबरबद्दल मात्र मी नाराज आहे. प्रीप्रेगचे, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कार्बन कापडाचे, रोल उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये असतात. बाहेर काढले की त्यांचं घड्याळ सुरू होतं आणि मुदत संपली की चांगला दिसणारा रोलही कचरा. कापताना उरलेले तुकडे वेगळेच. त्यांची अट अशी की पाठचा कागद आम्ही सोलून द्यायचा. एका बाईला एका दुपारी किती सोलून होतं ते त्यांनी बसून बघावं. मग पायरोलिसिसच्या, म्हणजे हवेशिवाय तापवणाऱ्या, भट्टीत रेझिन विघटून निघून जातं, तंतू उरतात. आखूड, कापसासारखे पिंजलेले. त्याची चटई होते, प्लॅस्टिकमध्ये भर म्हणून जातात. उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण पंखात ते तंतू परत जात नाहीत. महिन्याच्या अहवालात मात्र परत इनगॉट (धातूची लगड) झालेलं टायटॅनियम आणि ही चटई एकाच रकान्यात, ‘रिसायकल’ म्हणून. वरच्या साहेबांना एकच गोल आकडा दिसतो आणि ते खूश होतात. तीन वेळा लिहून रकाने वेगळे मागितले. ‘पुढच्या महिन्यापासून’ असं उत्तर आलं, तेही तीन वेळा.

बारीकसारीक: ट्रक सोमवारी नेमका उशिरा येतो, म्हणजे शनिवार-रविवारचा माल तुंबलेला असतानाच. टायटॅनियमचा बारीक चुरा फार वेळ साठवून ठेवायचा नसतो. पेटला तर पाणी मारता येत नाही, कोरडी वाळू लागते, आणि ती वाळूही मीच आणून ठेवली आहे.

टायटॅनियमला पाचपैकी पाच, तेही काकांमुळे. ॲल्युमिनियमला चार. कार्बनला दोन. ठोकळे कापणारा मोठा कारखाना असेल तर खुशाल घ्या, फक्त लेझर गनचं करारात आधीच लिहून घ्या आणि अहवालाचे रकाने सहीआधी बघा. आमचं नूतनीकरण या महिन्यात आहे. मी होकार कळवलाय, सोबत बिनच्या तुटलेल्या झाकणांची यादी जोडली आहे. सतरा आहेत, पावसाआधी बदलून हवीत.