दांडिया बाजारातील इंग्रजी प्रतिज्ञापत्र-लेखन सेवा

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीला इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून घ्यायचे असेल, तर वडोदऱ्यातील दांडिया बाजारात मसुदे टंकलिखित करून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयाची मी मनापासून शिफारस करीन. माझी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने आहे आणि बँकेचे खाते सासरच्या. तेथील बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि आडनावाबरोबर मधले नावही वडिलांऐवजी पतीचे झाले आहे, हे मसुद्यात स्पष्ट लिहिले. ‘फॉर्मर्ली नोन अ‍ॅज’नंतर पूर्वीचे संपूर्ण नाव, त्यापुढे आताचे, आणि दोन्ही नावे ‘वन अँड द सेम पर्सन’ची असल्याचे विधान, अशी नेमकी रचना त्यांनी केली.

मला सर्वांत भावली ती त्यांची पहिली विचारणा : “ताई, यापुढे कोणतं नाव ठेवणार आहात?” लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे हे गृहीत न धरता विचारणे मला फार महत्त्वाचे वाटते.

एक उणीव मात्र नोंदवते. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी न विचारताच ‘हाउसवाइफ’ लिहिले होते. मी शिकवण्या घेते असे सांगताच ‘प्रायव्हेट ट्यूटर’ अशी दुरुस्ती लगेच झाली. नोटरीचे शुल्क वेगळे पडते. जाताना शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र मूळ प्रतींसह न्यावे.